कार्पेट उचलून बघा, मगच स्पाइक लावा

मुलुंडला मेहुण्याच्या घरी उंच टॉवर स्पीकरांखाली स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, लावणं झकास जमलं, तेच गिरगावात माझ्या खोलीत केलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी खालच्या काकू जिना चढून वर आल्या. "अरे, काल रात्री तुझा डग्गा माझ्या देव्हाऱ्यात वाजत होता. घंटा आपली आपण किणकिणतेय. आधी असं नव्हतं रे."

आधी खरंच असं नव्हतं. स्पीकर दोघांचे एकच, टॉवरच्या दोन जोड्या आम्ही एकदमच घेतल्या होत्या. कार्पेटही साधारण तसंच. स्पाइक तर एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून आणलेले. फरक होता कार्पेटच्या खाली. त्याच्याकडे सातव्या मजल्यावर आरसीसीचा स्लॅब. माझ्याकडे चाळीचा दुसरा मजला, तुळयांवर ठोकलेल्या फळ्या.

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. नाटकांना साउंड देण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. रंगमंच म्हणजे फळ्यांचा पोकळ खोकाच असतो. त्यावर स्पीकर नुसता ठेवला की तो फळ्यांतून माइकच्या स्टँडमध्ये शिरतो आणि सगळं गुरगुरायला लागतं. म्हणून आम्ही खाली जुन्या गादीचा तुकडा सारायचो. रोजची सवय. घरी मात्र कुठल्याशा मासिकात "स्पाइक लावा" असं वाचलं आणि लावून मोकळा झालो. तेव्हा तुमच्याकडे कार्पेटवर टॉवर स्पीकर असतील तर काही विकत घ्यायच्या आधी माझ्या चुका वाचून घ्या.

आधी कार्पेट काय करतं ते. वीस-पंचवीस किलोचा, कमरेएवढा उंच आणि वीतभर रुंद खोका चार बारक्या रबरी पायांवर मऊ जागी उभा असतो. स्पीकरच्या माथ्यावर एक बोट ठेवून हलकेच ढकला आणि सोडा. तो दोन-तीन वेळा डुलून थांबला तर समजा की तुम्ही त्याला एका स्प्रिंगवर उभं केलंय, आणि ती स्प्रिंग किती कडक आहे हे कुणीच मोजलेलं नाही. शिवाय चारही पाय सारखे रुतत नाहीत. एक धाग्यांच्या दाटीत, एक विरलेल्या जागी. उजवा स्पीकर थोडा मागे कललेला, डावा थोडा बाजूला, आणि मग गायिका मधोमध बसायची सोडून इकडेतिकडे सरकत राहते. कार्पेटमुळे आवाज मऊ होतो म्हणतात ते वरच्या पट्टीपुरतं खरं आहे. टाळ्या, झांजा, चाटीची किनार यांचा परत उसळणारा आवाज ते पितं. डग्ग्याच्या घुमाऱ्याला बोटभर जाडीच्या कार्पेटने काहीही फरक पडत नाही.

आता कार्पेटचा कोपरा उचला. खाली व्हिट्रिफाइड किंवा मोझेक टाइल दिसली आणि इमारत गेल्या पन्नासएक वर्षांतली असली तर बहुधा स्लॅब असणार. जुन्या इमारतीत मात्र नुसती लादी बघून फसू नका. गिरगाव, दादर, परळच्या कितीतरी जुन्या चाळींत लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर चुन्याचा कोबा आणि सगळ्यात वर शहाबादी फरशी असते. वरून दगड, आतून लाकूड. यासाठी टाचांची परीक्षा घ्या. खोलीच्या मधोमध चवड्यांवर उभे राहा आणि धपकन टाचा टेका. कपाटातल्या काचेच्या पेल्यांनी आवाज केला, किंवा दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तळव्यांना धक्का कळला, तर जमीन जिवंत आहे. स्लॅबवर तुमच्या टाचा दुखतील, बाकी काही होणार नाही. (खाली कुणी झोपलेलं नाही ना, ते बघून करा. मी नव्हतं बघितलं.)

खाली स्लॅब असेल तर

हे सोपं काम आहे. स्पीकरला कार्पेटवर तरंगू द्यायचं नाही, कार्पेट भेदून खालच्या लादीवर उभं करायचं. स्पाइकचं काम एवढंच. स्लॅब इतका जड आणि ताठ असतो की घरातला स्पीकर त्याला फारसा हलवू शकत नाही, म्हणून इथे घट्ट बांधून टाकलेलं चालतं.

तारा काढा, खाली गोधडी पसरा आणि दोघांनी मिळून स्पीकर आडवा करा. पुढची जाळी काढून ठेवा. तळाला चार भोकं दिसतील. त्यांतला आटा बहुतेक एम ६ किंवा एम ८ असतो, काही परदेशी जोड्यांना पाव इंचाचाही असतो. अंदाजाने स्पाइक आणू नका. हार्डवेअरच्या दुकानातून दोन्ही मापांचा एकेक बोल्ट आणून हाताने फिरवून बघा. तीन-चार आटे सहज गेले तर तुमचं माप तेच. जबरदस्तीने फिरवलंत तर आतली पितळी बुशिंग लाकडातून सुटेल, आणि मग ती परत बसवणं हा वेगळाच उद्योग. स्पाइकबरोबर चेक नट, म्हणजे स्पाइक जागी आवळून धरणारा नट, हवाच. तो नसला की स्पाइक आट्यात खुळखुळतो, आणि केलेलं सगळं फुकट जातं. लोखंडी स्पाइक मुंबईच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात आणि कार्पेटला तांबडे डाग पाडतात, म्हणून पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या. लांबी कार्पेट आणि त्याखालच्या फोमच्या जाडीपेक्षा निदान पाच मिमी जास्त हवी. जाडी मोजायला दाभण टोचा, लादीला लागली की बोटाने खूण धरून फुटपट्टीवर लावा.

आणि हो, कार्पेटखालून वायर गेलेली नाही ना, ते हात फिरवून बघा. चोवीस किलोखालचा स्पाइक वायरच्या प्लास्टिकला दाद देत नाही.

स्पीकर जागेवर ठेवून चारही पायांच्या खुणा खडूने करा. त्या जागी दाभणाने कार्पेटची पाठ आधी भोसकून घ्या, म्हणजे स्पाइक धागे ओढत खाली जाणार नाही. मग स्पीकर सरळ वरून खाली सोडा, घासत सरकवू नका. माथ्यावर पाणसळ ठेवा, आधी डावी-उजवी बाजू बघा, मग पुढची-मागची. स्पीकर तिरप्या कोपऱ्यांवर डुलत असेल तर जो पाय सैल आहे तोच थोडा खाली उतरवा, चारी फिरवत बसू नका. डुलणं पूर्ण थांबलं की चेक नट आवळा. पान्याने मारामारी करायची गरज नाही, बोटांनी घट्ट करून वर पाव वळसा पुरे.

मेहुणा सोफ्यावर बसून ऐकतो, त्याचा कान ट्विटरच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या छोट्या ड्रायव्हरच्या, रांगेत येतो. मी भारतीय बैठकीवाला. जमिनीवर गादी, मागे लोड, त्यामुळे माझा कान चांगला वीतभर खाली. तुमचंही तसंच असेल तर पुढचे दोन पाय जरासे कमी ठेवून स्पीकरला किंचित नमस्कार करायला लावा. किंचितच. टॉवरला पुढे झुकायची हौस असतेच, आणि घरात लहान मूल असेल तर हा नाद सोडा.

भोकंच नसतील, किंवा कार्पेटला टोचायचं जिवावर येत असेल, तर दगड. कार्पेटवर दगडाची लादी, लादीवर स्पीकर. वजन मोठ्या जागेवर पसरतं आणि डुलणं जवळजवळ संपतं. दगड विकत घ्यायला 'ऑडिओ'वाल्याकडे जाऊ नका. ग्रॅनाइट-कडप्प्याच्या वखारीत जा आणि "ओट्यातलं सिंकचं कटिंग आहे का?" असं विचारा. स्वयंपाकघराच्या ओट्याला सिंकसाठी जो चौकोन कापतात तो तिथे कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. मला दोन काळे तुकडे मिळाले, भाव करायचीही वेळ आली नाही. "स्पीकर के नीचे?" म्हणून तो शेठ दोनदा हसला आणि कडा घासून द्यायचे तेवढेच पैसे घेतले. साधारण ४५ बाय ३० सेंटीमीटर आणि १८ मिमी जाडीचा तुकडा साडेसहा किलोच्या आसपास भरतो. स्पीकरच्या तळापेक्षा तो चारी बाजूंनी दोन बोटं मोठा हवा. दगडावर स्पीकरचे मूळचे रबरी पायच ठेवा. स्पाइक ठेवायचे असतील तर खाली पितळी वाट्या घाला, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर टोक घसरतं. काळ्या रबराचे डाग मात्र दगडात उतरतात, मध्ये फेल्टची चकती लावलेली बरी.

एक अपवाद सांगून ठेवतो. स्पीकरचा पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, तळाला, जमिनीकडे तोंड करून असेल तर तळ आणि जमीन यांतलं अंतर कंपनीने ठरवलेलं असतं. ते बदललं की खालचा आवाज बदलतो. तिथे दगड पोर्टच्या समोर येईल, पण अंतर तेवढंच राखा.

खाली लाकूड असेल तर

इथे वरचा सगळा सल्ला उलटा होतो. फळ्यांवर स्पाइक रोवला की स्पीकर आणि जमीन एक होतात. मग फळ्या डग्ग्याच्या पुडीसारख्या थरथरतात आणि जमिनीचाच स्पीकर होतो. माझ्याकडे तेच झालं होतं. कार्पेट बापडं थोडं तरी अडवत होतं, मी स्पाइकने त्यालाच भोक पाडून काकूंच्या देव्हाऱ्यापर्यंत थेट रस्ता केला.

खात्री करायला एक खेळ करा. स्टीलच्या ताटलीत चमचाभर मोहरी घ्या, ती कार्पेट बाजूला सारून स्पीकरपासून दोन फुटांवर जमिनीवर ठेवा. मोबाइलवरच्या टोन जनरेटरने, म्हणजे एकच सूर वाजवणाऱ्या ॲपने, ३० हर्ट्झपासून १२० पर्यंत सावकाश चढा, आवाज बेताचाच. माझी मोहरी पन्नासच्या आसपास फेर धरून नाचायला लागली. मग स्पीकर उचलून पलंगावरच्या गादीवर ठेवला आणि परत तेच वाजवलं. मोहरी हलली, पण नाचली नाही. जेवढी हलली तेवढा हिस्सा हवेतून येणाऱ्या आवाजाचा, त्याला स्पीकरखाली काहीही घालून उपाय नाही. मधला फरक मात्र तुमच्या हातात आहे.

आता थोडं गणित, पण उपयोगाचं. कुठलीही मऊ बैठक वजनाखाली किती दबते, यावरून ती कुठल्या कंपनसंख्येला स्वतः डुलेल ते कळतं. १६ ला दबलेल्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा. एक मिमी दबली तर १६ हर्ट्झ, चार मिमी दबली तर ८, नऊ मिमी तर पाचाच्या जरा वर. या आकड्याच्या साधारण दीडपटीच्या वर गेल्यावर बैठक कंपनं अडवायला लागते, आणि तिप्पट-चौपटीच्या पुढे नीट अडवते. त्या आकड्याजवळच मात्र ती उलट वाढवते. टॉवरचा डग्गा चाळीसच्या आसपास सुरू होतो. म्हणजे बैठक दहाच्या खाली हवी, म्हणजेच तीन-चार मिमी तरी दबायला हवी. रबर हलत्या भाराला उभ्या भारापेक्षा कडक वागतं, त्यामुळे त्याचा आकडा या हिशेबापेक्षा वरच जातो. रबर वापरणार असाल तर थोडं जास्तच दबू द्या.

एवढं कळलं की बाजारातली निम्मी वस्तू बाद होते. एसीच्या बाहेरच्या युनिटखाली घालतात ते काळे ठोकळे मी आधी आणले. चोवीस किलो ठेवले तरी फुटपट्टीवर फरक दिसेना. दबत नाही ते अडवत नाही. जिमच्या चटईच्या तुकड्यांचंही तेच. महागड्या डबीत येणाऱ्या पायांनाही हाच प्रश्न विचारा: माझ्या वजनाखाली किती मिमी? दुकानदाराला सांगता आलं नाही तर डबी परत.

मी शेवटी नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाऊन स्प्रिंगा आणल्या. तिथे नुसतं "कडक स्प्रिंग द्या" म्हणालात तर डायची, म्हणजे प्रेसच्या साच्यात घालायची, स्प्रिंग हातात ठेवतील, तिच्यावर मेहुणा उभा राहिला तरी ती दबणार नाही. साध्या गोल तारेच्या कॉम्प्रेशन स्प्रिंगा मागा. माझा हिशेब असा: स्पीकर २४ किलो, वरचा दगड साधारण ६, एकूण ३०. चार स्प्रिंगा, प्रत्येकीवर साडेसात किलो. प्रत्येक मिमीला दीड किलो घेणारी स्प्रिंग असेल तर ती ५ मिमी दबते, म्हणजे सात हर्ट्झच्या आसपास. बाहेरचा व्यास २५ मिमी आणि उंची ३० घेतली. उंच, सडपातळ स्प्रिंग घेऊ नका, ती वजनाखाली आडवी पळते.

रचना अशी. कार्पेटवर १८ मिमी प्लायची पाटी. तिच्या चार कोपऱ्यांत सोड्याच्या बाटलीची झाकणं उलटी करून स्क्रूने बसवली, त्यात स्प्रिंग बरोबर बसते. स्प्रिंगच्या पोटात फोमची गुंडाळी हलकीच भरली, नाहीतर बोट लावलं की स्पीकर बराच वेळ झुलत राहतो. स्प्रिंगांवर तो सिंकवाला ग्रॅनाइट, ग्रॅनाइटवर स्पीकर. दगडाचं वजन इथे दुहेरी कामाला येतं: एकूण वजनाचा मध्य खाली येतो, आणि स्प्रिंगा स्पीकरच्या तळापेक्षा लांब-लांब ठेवता येतात. दोन्हींमुळे टॉवर कलंडायची भीती कमी होते.

पहिल्यांदाच स्पीकर चढवू नका. वीस लिटरचा पाण्याचा जार दगडावर ठेवा आणि चारी कोपऱ्यांची उंची फुटपट्टीने मोजा. स्प्रिंगा सारख्या दबल्या तरच पुढे जा. स्पीकर चढवल्यावर पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त बसेल, कारण चुंबकासकट सगळे ड्रायव्हर पुढच्या फळीला लटकलेले असतात. एकतर स्पीकर दगडावर दोन बोटं मागे घ्या किंवा पुढच्या झाकणांत एकेक वॉशर टाका. पुढच्या स्प्रिंगा पुढे सरकवल्या तरी जमतं. तारा सैल सोडा. ताठ ओढलेली जाड वायर सगळ्या स्प्रिंगांना बायपास करून कंपनं भिंतीपर्यंत नेते.

एवढ्याने काय फरक पडला? मोहरी गादीवरच्याइतकीच शांत झाली. डग्ग्यावरची घसीट आधी एकच फुगीर 'घूं' वाटायची, आता सूर चढताना ऐकू येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेला जवारी आली, म्हणजे ती होतीच, घुमाऱ्याखाली दबली होती. पण एका जागी अजूनही आवाज फुगतो आणि तो फुगणारच. माझी खोली दहा फूट रुंद आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लाट अडकून बसते. तिला स्प्रिंग दिसत नाही. स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घेतले आणि माझी बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यातून जरा मागे सरकवली, तेव्हा ती थोडी निवळली. हे सरकवणं फुकट आहे, ते सगळ्यात आधी करून बघा.

काकूंना खाली जाऊन विचारलं. म्हणाल्या, "घंटा गप्प आहे. गाणं येतं ऐकू, ते येऊ दे. पण दहानंतर नको." दहानंतर नकोच. घरवस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यातच आहे, आणि हवेतून जाणारा आवाज फळ्यांच्या फटींतून झिरपतोच.

पावसाळ्याचं तेवढं सांभाळा. दगड किंवा प्लायखाली दबलेलं कार्पेट जून ते सप्टेंबर ओल धरून ठेवतं आणि कुबट वास सुटतो. महिन्यातून एकदा पाटी उचलून खाली पंखा लावतो मी. लाकूड फुगून जमिनीचा उतारही बदलतो, गणपतीच्या सुमारास पाणसळीचा बुडबुडा हमखास एका बाजूला गेलेला असतो. तेव्हा नुसती नोंद करतो. दुरुस्ती दिवाळीच्या साफसफाईत, फळ्या सुकल्यावर: स्पीकर उतरवायचे, स्प्रिंगा पुसून मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि चारी कोपऱ्यांची उंची परत मोजायची. गेल्या वर्षी उजव्या स्पीकरची पुढची डावी स्प्रिंग एक मिमी खाली बसली होती. तिच्या झाकणात एक वॉशर वाढवला.